पहिला क्रमांक विकत मिळतो काय?

होळीच्या रात्री अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या वाटेवर वाहनांची रीघ लागते. सातपुड्यातील पाड्यापाड्यांतून आणि सीमेपलीकडील गुजरातेतून माणसे तेथील राजवाडी होळीसाठी लोटतात. त्या गर्दीत ‘एमएच-३९’ ही नंदुरबारची अक्षरे धारण करणाऱ्या गाड्यांकडे सहज दृष्टी टाकावी. कोठे एकच अंक चार वेळा आलेला, कोठे अंकांची बेरीज नऊ, तर कोठे आकडे असे वाकविलेले की त्यांतून ‘दादा’ हा शब्द वाचला जावा! हा सारा योगायोग नव्हे. पसंतीच्या अंकासाठी पुष्कळांनी पदरचे पैसे मोजलेले असतात.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणत आलो. परंतु सरकारने या हौसेचे मोल ठरवून दिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने या क्रमांकांचे शुल्क वाढविले. चारचाकी वाहनास ‘०००१’ हा क्रमांक हवा असल्यास पूर्वीच्या ३ लाखांऐवजी ५ लाख रुपये, आणि मुंबई-पुण्यासारख्या अधिक मागणीच्या ठिकाणी ४ लाखांऐवजी ६ लाख रुपये भरावे लागतात. दुचाकीसाठी हाच आकडा ५० हजारांवरून १ लाखावर गेला. एकाच क्रमांकावर अनेकांचा डोळा असेल, तर बंद पाकिटातून अधिक रकमेचा धनाकर्ष देणाऱ्याची सरशी होते. प्रश्न इतकाच की, एवढे द्रव्य वेचून गृहस्थाच्या हाती नेमके काय पडते?

वाहनास क्रमांक देण्याची कल्पना मुळात मिरविण्यासाठी निघालीच नव्हती. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी ती प्रथम अमलात आणली, ती वाहनाचा धनी ओळखता यावा म्हणून. राजाची गाडी असो वा रंकाची, अपराध घडल्यास तिला कायद्यापुढे उभे करता यावे, हा तिचा हेतू होता. तथापि मनुष्यस्वभाव मोठा विचित्र! ब्रिटनमध्ये १९०४ च्या आरंभी क्रमांक सक्तीचे झाले, तेव्हा ‘ए १’ ही पाटी मिळावी म्हणून अर्ल रसेल नामक उमराव रात्रभर रांगेत तिष्ठत राहिले, असे सांगतात. २०२३ साली दुबईत ‘पी ७’ या पाटीला ५ कोटी ५० लाख दिरहम मिळाले. मात्र तो लिलाव भुकेल्यांच्या अन्नासाठी होता, हे सांगितले पाहिजे.

ब्रिटनमध्ये अशी पाटी पुन्हा विकता येते, म्हणून तेथे तिला मालमत्तेचे रूप आले आहे. आपल्याकडे तसे नाही. नव्या नियमांनी पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा निकटच्या नात्यात क्रमांक देण्याची मुभा दिली, एवढेच. बाजारात त्याची किंमत वसूल होईल, ही आशा कोणी बाळगू नये. ‘०००१’ वाल्यास रस्त्यावर अग्रमान नाही, की दंडात सूट नाही. आकडे वाकवून नाव लिहिणे तर नियमबाह्यच आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ठरावीक नमुन्याची उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, ती उगाच नव्हे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हा कर कोणावर लादलेला नाही. ज्याच्यापाशी आहे, त्याने राजीखुशीने द्यावा आणि तो सरकारी तिजोरीत जावा, यात वावगे काय? शिफारशीच्या चिठ्ठीवर क्रमांक मिळण्यापेक्षा उघड दर केव्हाही बरा. म्हणून धनवंताच्या हौसेशी आमचे भांडण नाही.

आमचे भांडण आहे ते त्या हौसेमागील समजुतीशी. ठळक क्रमांकाची गाडी दिसताच चौकातील शिपायाचा हात क्षणभर कचरतो, आणि नेमक्या त्या क्षणासाठीच पुष्कळदा पैसे मोजलेले असतात. सर्वांस सारखे उत्तरदायी करणारी पाटी मग काहींना इतरांहून उंच ठरविणारा बिल्ला बनते. हे पाहून खेड्यातला तरुण मोटारसायकल कर्जाने घेतो आणि तिच्या क्रमांकासाठी आणखी कर्ज काढतो. ऋण काढून सण करण्याची ही नवी रीत होय. ज्या अक्कलकुवा-धडगाव भागात आजही पाड्यावरून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथे हे दृश्य विशेषच बोचते. शासनाने या शुल्काचा एक निश्चित भाग अशा पाड्यांच्या वाटांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब जाहीर करावा, अशी आमची सूचना आहे. मग निदान एकाच्या मिरवण्यातून दुसऱ्याचा रस्ता तरी होईल.

तेव्हा असा क्रमांक घ्यावा काय? शिलकीत पैसा असेल आणि मनास आनंद वाटत असेल, तर खुशाल घ्यावा. प्रतिष्ठेसाठी घेऊ नये, कर्ज काढून तर मुळीच नाही. काठीच्या होळीचा उंच बांबू ज्या खड्ड्यात उभा राहतो, तो हत्याराविना, नुसत्या हातांनी खोदण्याची रीत आहे. मान तेथे हातांना लागलेल्या मातीचा असतो. शाळेत पहिला क्रमांक अभ्यासाने मिळत असे. जगातही तो श्रमानेच मिळावा. विकत मिळतो, तो केवळ पत्र्यावरचा आकडा.