इंजेक्टर, मल्टिमीटर आणि दुरुस्तीचे बिल

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की बालाघाटच्या पठारावर चढणारा मांजरसुंब्याचा घाट लागतो. याच परिसरात, हमरस्त्यापासून थोडे आत, डोंगराच्या कुशीत कपिलधार आहे. पावसाळ्यातील धबधबा आणि संत मन्मथस्वामींची समाधी यांमुळे हे स्थान मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेसाठी येथे दूरदूरच्या गावांहून दिंड्या येतात. त्यांच्यासोबत सामानाच्या गाड्या असतात, पाण्याचे टँकर असतात. याच सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. घाटाच्या चढावर इंजिनाची खरी परीक्षा होते. सपाटीवर निमूट चालणारी गाडी येथे धक्के खाऊ लागते, काळा वा पांढरा धूर सोडते आणि अखेर कडेला उभी राहते.

अशा वेळी गॅरेजमध्ये जो निदानाचा शब्द कानी पडतो, तो बहुधा एकच असतो: ‘इंजेक्टर गेले.’ वाहन ग्रामपंचायतीचे असो, शाळेचे असो वा एखाद्या कार्यालयाचे, त्यानंतर येते ते चारही इंजेक्टर बदलण्याचे अंदाजपत्रक. नव्या पद्धतीच्या एका इंजेक्टरलाच कित्येक हजार रुपये पडतात, तेव्हा चारांचा खर्च लहान पंचायतीच्या वर्षाच्या हिशेबात ठळकपणे दिसतो. ‘मल्टिमीटर लावून तपासले आहे’ असे त्यावर सांगितले की मंजुरी देणाऱ्याची शंकाही मावळते. या तपासणीतून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे सही करणाऱ्यास ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ मधील यशस्वी इंजिनात इंधन दाबाच्या हवेने आत फुंकले जाई. पुढे ते काम पंप आणि इंजेक्टर यांच्याकडे आले. इंजेक्टरच्या टोकाला नोझल असते. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून डिझेल धुक्यासारखे फवारले गेले पाहिजे. फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागले की धूर येतो, शक्ती घटते आणि डिझेल वाया जाते.

विहिरीवरील इंजिन, जुने ट्रॅक्टर आणि जुने ट्रक यांतील इंजेक्टर संपूर्णपणे यांत्रिक असतो. पंपाकडून आलेला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढला, म्हणजे अनेक इंजिनांत वातावरणदाबाच्या सुमारे दोनशे पट झाला, की स्प्रिंगने दाबून धरलेली सुई उचलली जाते आणि फवारा सुटतो. यात विजेचा संबंधच नाही. अशा इंजेक्टरला मल्टिमीटर लावणे म्हणजे घागरीला थर्मामीटर लावून ती गळते का हे पाहण्यासारखे आहे. त्याची तपासणी होते ती हातपंपाच्या चाचणीयंत्रावर. दाब कितीवर सुटतो, फवारा सारखा पडतो का आणि टोकाशी थेंब धरतो का, या तीन गोष्टी तेथे डोळ्यांनी दिसतात. हे यंत्र तालुक्याच्या गावी पंप-नोझलचे काम करणाऱ्यांकडे असते.

नव्या वाहनांची गोष्ट निराळी आहे. भारत स्टेज-४ ही प्रदूषणमानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि भारत स्टेज-६ ही १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक मानके लागू आहेत. ती पाळण्यासाठी ‘कॉमन रेल’ पद्धत सर्वत्र रूढ झाली. या पद्धतीत एका सामाईक नळीत डिझेल सतत प्रचंड दाबाखाली साठवलेले असते. हा दाब वातावरणदाबाच्या दीड ते दोन हजार पटींपर्यंत जातो. कोणत्या सिलिंडरला केव्हा व किती डिझेल द्यावयाचे, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. इंजेक्टरच्या माथ्यावर तारेचे वेटोळे, म्हणजे विद्युतचुंबक असतो. मात्र तो सुई स्वतः उचलीत नाही. तो फक्त एक इवलीशी झडप उघडतो. त्यामुळे सुईच्या वरच्या अंगाचा दाब उतरतो आणि खालच्या अंगाचा दाब सुईला उचलतो. वरचे थोडेसे डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जाते. ही परतीची नळी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

मल्टिमीटरने तपासता येते ते हे वेटोळे आणि त्याच्याकडे येणाऱ्या तारा. किल्ली बंद करून, थोडा वेळ थांबून आणि इंजेक्टरचा प्लग काढून मगच मोजमाप घ्यावे. इंजिन चालू असताना नियंत्रक या तारांत बॅटरीच्या कित्येक पट व्होल्ट सोडतो, त्यामुळे तारेला सुई टोचून पाहण्याची सवय माणसाला व नियंत्रकाला सारखीच घातक आहे. मीटर ओहमच्या सर्वांत लहान पट्टीवर ठेवून प्रथम त्याची दोन्ही टोके एकमेकांस लावावीत. मीटर शून्य दाखवीत नाही. त्याच्या स्वतःच्या तारांचा रोध, समजा ०.२ ओहम, तेथे दिसतो. तो पुढच्या प्रत्येक मोजमापातून वजा करावयाचा. त्यानंतर प्रत्येक इंजेक्टरच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. पुष्कळ इंजेक्टरांत तो एक ओहमहूनही कमी असतो, काहींत दोन-तीन ओहम असतो. नेमका आकडा त्या वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच पाहावा. काही इंजिनांत विद्युतचुंबकाऐवजी पिझो स्फटिकांची चळत असते. तेथे मीटर बहुधा दीडशे ते दोनशे किलोओहम दाखवितो, तो दोष समजू नये.

चारही मोजमापे इंजिन थंड असताना घ्यावीत. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे तीस अंशांवर एक इंजेक्टर मोजला आणि नव्वद अंशांवर दुसरा, तर दोन्ही निर्दोष असूनही आकड्यांत जवळजवळ चौथाईचा फरक दिसेल.

एका इंजेक्टरचा रोध अनंत दिसला तर वेटोळे तुटले आहे. पिन व इंजेक्टरचे धातूचे अंग यांमध्ये जोडणी दिसली तर आवरण जळून वीज अंगात उतरत आहे. या दोन्ही बाबतींत इंजेक्टर नादुरुस्त ठरविण्यास हरकत नाही. मात्र चारही इंजेक्टर ठीक दिसले तर प्लगपासून नियंत्रकापर्यंतची तार तपासावी. गंजलेली पिन वा उंदराने कुरतडलेली तार हीही कारणे असतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च किरकोळ असतो. हा शोध घेताना मल्टिमीटर खरोखर आपली किंमत वसूल करतो.

विज्ञान-शिक्षकांना येथे ओहमच्या नियमाचे चांगले उदाहरण मिळेल. वेटोळ्याचा रोध ०.३ ओहम असेल आणि त्याला १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडली, तर धारा होईल १२ भागिले ०.३, म्हणजे ४० अँपिअर. तारांच्या रोधाने ती काहीशी घटली तरी उरते ती वेटोळे जाळण्यास पुरेशी. ‘टिक वाजते का पाहू’ म्हणून बॅटरी लावणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा. नियंत्रक मोठी धारा देतो ती क्षणमात्र आणि मोजून. मिनिटास दोन हजार फेरे घेणाऱ्या चारधावी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला हजार वेळा इंधन द्यावे लागते, यावरून त्या क्षणाची कल्पना यावी.

साध्या मीटरची मर्यादाही येथेच कळते. ज्या मीटरचा सर्वांत लहान टप्पा ०.१ ओहमचा आहे, तो ०.३ ओहमच्या वेटोळ्यातील चार-दोन वेढे आपसांत चिकटले तर ते ओळखू शकणार नाही. आणि याहून मोठी गोष्ट अशी की वेटोळे शाबूत असणे म्हणजे इंजेक्टर शाबूत असणे नव्हे. सुई झिजली, झडप गळू लागली, छिद्रात मळी साचली, तरी मीटरचे आकडे अगदी नव्यासारखे येतात. येथे परतीची नळी कामास येते. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडाला एकेक पारदर्शक बाटली जोडून, पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने ठरावीक वेळ इंजिन फिरवितात. तीन बाटल्यांत थोडे डिझेल आणि चौथीत भरपूर आले, तर चौथा इंजेक्टर आतून गळत आहे. त्या एकामुळे सामाईक नळीत दाब चढत नाही आणि गाडी चालू होत नाही. बदलावयाचा तो एक. उरलेले तीन नव्हेत. फवाऱ्याचा अंतिम निर्णय मात्र चाचणीयंत्र असलेल्या कार्यशाळेतच होतो.

एक सूचना खर्चाची नाही, जिवाची आहे. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर चालत नाही हे ओळखण्यासाठी इंजिन चालू ठेवून एकेका नळीची चकती सैल करण्याची रीत होती. अनुभवी फिटर आजही ती सहज करून जातो. कॉमन रेल इंजिनावर ही रीत कदापि वापरू नये. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून डिझेल मांसात घुसवते. जखम टाचणी टोचल्याइतकीच दिसते, सुरुवातीस फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो. वास्तविक अशा जखमेस तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते. विलंबाने बोट वा हात गमावावा लागतो. रुग्णालयात ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. गळती शोधावयाची तर हात न फिरविता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा आणि तोही दुरून.

आता बिलाकडे वळू. मंजुरी देणाऱ्याने तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. एका कागदावर इंजेक्टरचे क्रमांक, प्रत्येकाचा थंड स्थितीतील रोध, पिन व अंग यांमधील तपासणी आणि परतीच्या डिझेलचे माप इतके लिहून मागितले तरी पुरे. ज्याने खरोखर तपासले आहे त्यास हा कागद पाच मिनिटांचा आहे. ज्याने तपासले नाही तो सबबी सांगेल. काढलेले जुने भाग परत घ्यावेत. अंदाजपत्रकात डिझेल फिल्टरचाही उल्लेख आहे का हे पाहावे, कारण उघड्या पिंपातून, धुळीच्या नरसाळ्याने भरलेले डिझेल आणि फिल्टरच्या तळाशी साचून राहिलेले पाणी हीच पुष्कळदा इंजेक्टर बिघडण्याची मूळ कारणे असतात. ती तशीच राहिली तर नवे इंजेक्टरही त्याच वाटेने जातील.

बिलात आणखी एक नोंद हवी. बऱ्याच नव्या इंजेक्टरांवर अक्षरे व अंक मिळून एक सांकेतांक कोरलेला असतो. दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे होत नाहीत. त्यांच्यातील बारीक फरक त्या सांकेतांकात नोंदलेला असतो आणि इंजेक्टर बसविल्यावर तो संगणकाद्वारे नियंत्रकाला कळवावा लागतो. हे राहून गेले तर नवा इंजेक्टर बसवूनही इंजिन खडखडते, धूर येतो आणि तीच गाडी पुन्हा त्याच गॅरेजसमोर येऊन उभी राहते.