उमेदवारी, किरकोळ दुकान-व्यवस्थापनातील

किरकोळ विक्रीच्या दुकानात ठराविक काळ प्रत्यक्ष काम करून खरेदी, साठवण, मांडणी, विक्री, हिशेब व ग्राहकसेवा यांचे शिक्षण महाविद्यालयीन विद्यार्थ्याने घेण्याची पद्धती. इंटर्नशिप, कार्यप्रशिक्षण, आंतरवासिता अशा नावांनीही ती ओळखली जाते. नोकरीत कामाचा मोबदला हे मुख्य प्रयोजन असते, तर उमेदवारीत शिक्षण हे मुख्य व काम हे त्याचे साधन असते. व्यवहारात ही सीमारेषा सहज पुसली जाते व विद्यार्थी स्वस्त मजूर ठरतो; म्हणून उमेदवारीचे मोल तिच्या नावावरून वा प्रमाणपत्रावरून न ठरविता विद्यार्थ्याला दुकानातील कोणती कामे व कोणत्या नोंदी हाताळावयास मिळाल्या, यावरून ठरविणे इष्ट होय.

पार्श्वभूमी : ‘उमेदवारी’ हा शब्द महाराष्ट्राच्या पेठांतून पूर्वापार रूढ आहे. पेढीवर वा दुकानात लागलेला मुलगा प्रारंभी झाडलोट, पुड्या बांधणे व वसुलीच्या खेपा करी. पुढे तागडी त्याच्या हाती येई आणि विश्वास बसल्यावर रोजकीर्द व खतावणी लिहिण्यास मिळे. ह्या शिक्षणाला अभ्यासक्रम नव्हता व मुदतही नव्हती; सर्व काही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. तथापि तागडीपासून खतावणीपर्यंतचा त्यातील क्रम सयुक्तिक होता.

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या शिक्षणाला संस्थात्मक रूप आले. अमेरिकेत ल्युसिंडा प्रिन्स यांनी १९०५ मध्ये बॉस्टन येथे दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी विक्रीकौशल्याचे वर्ग सुरू केले. १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आळीपाळीने वर्ग व कारखाना अशी योजना आखली. हीच कल्पना पुढे व्यापारशिक्षणातही स्वीकारली गेली. जर्मनीत किरकोळ व्यापारातील विक्रेत्याचे शिक्षण दोन वर्षांचे, तर किरकोळ व्यापाऱ्याचे तीन वर्षांचे असते. त्यात दुकानातील काम व व्यवसायशाळेतील अध्ययन यांची सांगड घातलेली असते.

दुकानाच्या बदलत्या स्वरूपामुळे प्रशिक्षित व्यवस्थापकाची गरज वाढली. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी स्वयंसेवा पद्धतीचे दुकान काढले, तेव्हा माल व ग्राहक यांच्यामधील विक्रेता दूर झाला व मांडणीलाच विक्रेत्याचे काम करावे लागले. जून १९७४ मध्ये ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील दुकानात पट्टीसंकेत वाचून पहिली विक्री नोंदली गेली. तेव्हापासून प्रत्येक नगाची नोंद विक्रीच्या क्षणीच ठेवणे शक्य झाले.

महाराष्ट्रात मोठ्या दुकानांचा पाया ग्राहक सहकारी चळवळीने घातला. मुंबईच्या नायगाव भागातील कामगारांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या ग्राहक सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ वाढला. १९६८ मध्ये त्याचे बहुविभागीय भांडार सुरू झाले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर खाजगी साखळी दुकाने फोफावली. ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे निघाले. एकाच मालकाच्या अनेक शाखा झाल्या, की प्रत्येक शाखेवर मालकाची नजर राहू शकत नाही. ही उणीव पगारी व्यवस्थापक व काटेकोर नोंदी भरून काढतात.

प्रशिक्षणाचा आशय : दुकानातील कामाचे स्थूलमानाने चार टप्पे पडतात व उमेदवाराने ते क्रमाने पाहावेत, अशी अपेक्षा असते.

(१) आवक : आलेला माल मागणीपत्र व पुरवठादाराचे बिल या दोहोंशी ताडून पाहणे, नग मोजणे, फुटतूट वेगळी काढणे व मुदतीची तारीख तपासणे ही कामे यात येतात. आवकेच्या वेळी झालेली चूक पुढील प्रत्येक नोंदीत उतरते.

(२) साठवण व मांडणी : ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे, नंतर संपते तो मागे, हा मूलभूत नियम होय. कोणता माल नजरेच्या उंचीवर, कोणता खालच्या फळीवर आणि कोणता गल्ल्याजवळ ठेवावयाचा, हे खपाच्या नोंदींवरून ठरवितात.

(३) विक्री व ग्राहकसेवा : बिल करणे, परत आलेला माल घेणे व तक्रार ऐकणे यांबरोबर कायद्याचे ज्ञानही येथे आवश्यक असते. वेष्टित वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने विकता येत नाही. वजनमापांची पडताळणी, अन्नपदार्थांसाठीचा परवाना अथवा नोंदणी, १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांची ओळख उमेदवारास व्हावी लागते.

(४) साठा-मोजणी व हिशेब : हा सर्वांत महत्त्वाचा व उमेदवारास बहुधा सर्वांत कमी दाखविला जाणारा टप्पा होय. समजा, एका दुकानात महिन्याच्या आरंभी २,००,००० रु. चा माल होता, ३,००,००० रु. ची खरेदी झाली व खरेदी-किमतीने ३,२०,००० रु. चा माल विकला गेला. तर पुस्तकाप्रमाणे १,८०,००० रु. चा माल उरावयास हवा. प्रत्यक्ष मोजणीत तो १,७६,००० रु. चा भरला, तर ४,००० रु. ची तूट आली. खरेदी-किमतीवर सरासरी १० टक्के नफा असल्यास महिन्याचा ढोबळ नफा ३२,००० रु. होतो, म्हणजे त्याचा आठवा हिस्सा ह्या तुटीत गेला. ही तूट चोरीमुळे, चुकीच्या बिलांमुळे, उंदीर-ओल यांमुळे, की आवकेच्या वेळी कमी आलेल्या नगांमुळे झाली, याचा शोध घेणे हे व्यवस्थापकाचे खरे काम होय. साठ्याची फिरत हे दुसरे गमक आहे. वर्षभरात खरेदी-किमतीने ३६ लाख रु. चा माल विकला गेला व सरासरी साठा ३ लाख रु. चा असला, तर साठा वर्षातून बारा वेळा फिरला, म्हणजे माल सरासरी एक महिना फळीवर राहिला.

कायदेशीर स्थिती : महाविद्यालयीन विद्यार्थ्याची दुकानातील उमेदवारी दोन प्रकारची असते व त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील उमेदवारी हा पहिला प्रकार होय. हा अधिनियम प्रारंभी मुख्यत्वे कारखान्यांतील तांत्रिक व्यवसायांपुरता होता. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीतर पदवीधरांचा व वैकल्पिक व्यवसायांचा त्यात समावेश झाला आणि दुकानांतील कामांना वाट मोकळी झाली. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले. ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेस ते ऐच्छिक ठेवण्यात आले. पदवीधर उमेदवारासाठी त्या वेळी दरमहा किमान ९,००० रु. विद्यावेतन ठरविण्यात आले. उमेदवार व मालक यांच्यात नोंदणीकृत करार होतो. कायद्याच्या दृष्टीने असा उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे त्याला नगावारी पद्धतीने मोबदला देता येत नाही व शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या संमतीवाचून जादा वेळ काम सांगता येत नाही.

दुसरा प्रकार अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करावयाच्या उमेदवारीचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३० तासांच्या कामास एक श्रेयांक, म्हणजे चार श्रेयांकांस १२० तास होतात. येथे करार बहुधा महाविद्यालयाच्या पत्रापुरता असतो व विद्यावेतन देण्याचे मालकावर वैधानिक बंधन नसते. विद्यार्थ्याचे संरक्षण त्यामुळे प्रामुख्याने महाविद्यालयातील मार्गदर्शक शिक्षकाच्या दक्षतेवर अवलंबून राहते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना यांहून वेगळी आहे. ती शिक्षण संपविलेल्या तरुणांसाठी होती, शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे.

ग्रामीण भागातील प्रश्न : पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावाच्या उदाहरणावरून ह्या व्यवस्थेच्या मर्यादा स्पष्ट होतात. तालुक्यातील विद्यार्थ्यांना घोडेगाव व मंचर येथे महाविद्यालये आहेत. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही उच्च शिक्षणाची सोय आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी गावात राहून शिकू शकतो. परंतु उमेदवारीसाठी त्याला जागा शोधावी लागते. गावातील किराणा दुकान सहसा एक कुटुंबच चालविते. चारपेक्षा कमी माणसे असलेली आस्थापना अधिनियमाखाली शिकाऊ उमेदवार घेऊ शकत नाही. परिणामी विद्यावेतनाची हमी हवी असेल, तर विद्यार्थ्याने पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरसारख्या बाजारपेठेत वा थेट पुण्यात जावे लागते आणि विद्यावेतनाचा बराच भाग प्रवासात किंवा खोलीभाड्यात जातो. गावातच राहिल्यास तास भरतात, श्रेयांकही मिळतात. पण हाती पैसा येत नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने मात्र गावातील दुकान कमी प्रतीचे ठरत नाही. साखळी दुकानात काय व किती खरेदी करावयाचे, हा निर्णय बहुतांशी मुख्यालयात होतो. शाखेतील उमेदवार मांडणी व बिले शिकतो, खरेदीचा निर्णय त्याच्या नजरेस पडत नाही. गावातील दुकानदार तो निर्णय स्वतः घेतो. शिवाय त्याला उधारी सांभाळावी लागते. ऊस तुटून बिल जमा होईपर्यंत किंवा कांदा-बटाट्याची पट्टी हाती येईपर्यंत गिऱ्हाईक थांबवून धरते व दुकानदाराला पुरवठादाराचे पैसे वेळेवर द्यावे लागतात. पिकांच्या हंगामाशी दुकानाच्या रोख रकमेचा असलेला हा संबंध शहरी भांडारात शिकावयास मिळत नाही. कृषी सेवा केंद्रांत खते, बियाणे व कीटकनाशके यांचे परवाने, साठानोंदी व मुदती सांभाळाव्या लागत असल्याने नोंदींचे काटेकोर शिक्षण तेथेही मिळू शकते.

मूल्यमापन : उमेदवारीचा अहवाल बहुधा दुकानाच्या इतिहासाने व कामांच्या यादीने भरलेला असतो. त्याऐवजी एका मालगटाची आवक, विक्री, शिल्लक व तूट यांचा विद्यार्थ्याने स्वतः केलेला ताळा मागितल्यास प्रशिक्षण झाले की नाही, हे निश्चित कळते. १२० तास रोज सहा तासांप्रमाणे सलग केल्यास वीस दिवसांत संपतात. एवढ्या अवधीत महिनाअखेरची एकही मोजणी कदाचित पाहावयास मिळत नाही. यास्तव तासांची विभागणी करताना किमान दोन मोजण्या व त्यांमधील पूर्ण महिना त्यात येईल, अशी दक्षता घेणे श्रेयस्कर ठरते. दुकानदाराने साठा व खरेदी यांची वही उमेदवारासमोर उघडावी, ही अट महाविद्यालयाने प्रारंभीच्या पत्रातच घालावयास हवी. जुन्या पेढीवर वही हाती येण्यास काही वर्षे लागत. काही आठवड्यांच्या आधुनिक उमेदवारीत ती पहिल्या दिवसापासून दाखविली न गेल्यास विद्यार्थ्याचे शिक्षण तागडीपाशीच थांबते.