बांधावरचा पाला

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बराचसा पाल्याचा इतिहास आहे. खाचर खाली, पाला वर वरकसात, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत, नाहीतर रानात. ऐनाचे टहाळ तोडायचे, शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर असं रोपाच्या जागेवर रचायचं आणि पावसाआधी पेटवायचं, हा राब. इंग्रजांच्या जंगल खात्याला ती रानाची नासाडी वाटली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर टहाळ तोडण्यावर बंधनं आली, ठाणे जिल्ह्यात ओरड झाली आणि १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. 'राब सोडा' हा उपदेश त्यानंतरही शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. सोडून करायचं काय, हे मात्र फार उशिरा सांगितलं गेलं.

राब उपदेशाने सुटणारा नव्हताच. पाला शेताशेजारी आला तरच काही जमणार होतं. ते गिरीपुष्पाने जमवलं. मध्य अमेरिकेतून आलेलं हे शेंगवर्गीय झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झाडून फिकट गुलाबी फुलांनी भरतं. पावसाच्या सुरुवातीला फांदी खोचली की जगतं आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत त्याला मानाची जागा आहे: चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला साधारण ३० किलो हिरवा पाला. फांद्या खाचरात पसरायच्या. पानं गळून कुजतात, काड्या वेचून चुलीला. हेक्टरी १० ते १५ किलो नत्र त्यातून मिळतं, तेही डोंगर न चढता.

यावर जाणता शेतकरी म्हणेल की राब म्हणजे नुसतं खत नव्हे. त्याने तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, आवण, म्हणजे रोपं, मुळासकट अलगद निघतं. बरोबर आहे, गिरीपुष्प यातलं काहीच करत नाही. पण चारसूत्रीचं पहिलं सूत्र नेमकं इथेच कामाला येतं. रोपाच्या वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळली की तिच्यातल्या सिलिकाने रोपं ताठ होतात आणि उपटायलाही सोपी जातात. राबात जळणारं शेण वाचून खाचरात जातं, ते वेगळंच. तण उरतं, ते बेणावंच लागतं. एवढी किंमत मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, परक्या झाडाचा. इंग्रजांनी नीलगिरीत आणलेल्या ब्रूमने, म्हणजे शेंगकुळातल्याच पिवळ्या फुलांच्या झुडपाने, तिथले गवताळ माळ गिळले. आपल्याकडे पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरीपुष्पाखाली देशी झाडोरा माजत नाही, ही अभ्यासकांची तक्रारही जुनी आहे. पण हा दोष जागेचा आहे. बांध हा शेतातला, दरवर्षी कोयता चालणारा भाग. शहापूरच्या माहुली किल्ल्याच्या पायथ्याचं ऐन-किंजळाचं रान तसं नाही. वृक्षलागवडीचे आकडे भरणाऱ्यांनी एवढं पाळावं: गिरीपुष्प बांधावर लावा, डोंगराला हात लावू नका.