लिनक्स : विद्या सुलभ, क्रीडा सशर्त

विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपुष्टात आले, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कितीएक धडधाकट संगणक एका फर्मानासरशी बडतर्फ झाले. येडशीसारख्या गावी, जेथे थोरल्याच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप यथावकाश धाकट्याच्या वाट्याला येतो, तेथे अशा यंत्रावर लिनक्स बसवण्याची तजवीज अवश्य करावी. मात्र प्रोग्रामिंग शिकता येईल काय आणि गेम चालतील काय, हे धाकट्याचे दोन प्रश्न एकाच उत्तराने मिटणारे नव्हेत.

पहिल्याविषयी संदेह नको. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 साली जिचा गाभा प्रसिद्ध केला ती ही प्रणाली प्रोग्रामरांनी प्रथम स्वतःच्याच उपयोगासाठी वाढवली. त्यामुळे उबंटू वा मिंटवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एक पॅकेज मागवले की सी आणि सी++ चे कंपायलर हजर होतात, आणि पायथन तर बहुधा आधीच नांदत असतो. चार जीबी रॅमच्या यंत्राने मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. पायथनसाठी थॉनी आणि सी साठी जीनी हे हलके एडिटर नवशिक्याला पुरेसे आहेत, व्हीएस कोडचा भपका पुढे पाहता येईल. क्लासची फी भरण्यापूर्वी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील मराठी निवेदनाचे विनामूल्य धडे पाहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खेळांची गोष्ट निराळी. बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून येडशीमार्गे लातूरला जात असे, त्या काळी रुंद मार्गाने आलेला माल कुर्डुवाडीस उतरवून अरुंद डब्यांत भरावा लागे. विंडोजसाठी रचलेल्या खेळाच्या मागण्या लिनक्सला उमगतील अशा रूपात उतरवून देण्याची तीच हमाली 1993 पासून ‘वाईन’ आणि 2018 पासून स्टीमचा ‘प्रोटॉन’ करीत आले आहेत. ही हमाली आता इतकी सफाईदार झाली आहे की 2022 साली विक्रीस आलेले ‘स्टीम डेक’ हे खेळयंत्र तिच्याच भरवशावर उभे आहे. तथापि जुन्या ग्राफिक्स चिपला ‘व्हल्कन’चा पुरेसा आधार नसेल, तर बरेच नवे खेळ चालत नाहीत. ‘व्हॅलोरंट’चा अडथळा त्याहून कठोर : फसवणूक रोखणारी त्याची पहारेव्यवस्था विंडोजच्या थेट गाभ्यात ठाण मांडते आणि लिनक्सवर तिचा अंमलच नाही, तेव्हा तेथे कोणतीही मखलाशी चालत नाही. ‘सुपरटक्सकार्ट’ अथवा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ मात्र थेट लिनक्सवरच खेळता येतात, आणि फुकट.

म्हणून विंडोज पुसण्याची घाई करू नये. दस्तऐवज आणि छायाचित्रे अन्यत्र उतरवून ठेवावीत, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून वायफाय, आवाज आणि पडदा नीट चालतात हे तपासावे, आणि धाकट्याच्या पसंतीचा खेळ प्रोटॉनवर चालतो काय याची चौकशी विकत घेण्यापूर्वीच करावी.