लस माणसाला देण्यापूर्वी

“लस माणसासाठी, मग ती आधी उंदराला व माकडाला का टोचावयाची?” लसीकरणाचा विषय निघाला म्हणजे अशी पृच्छा पुष्कळदा होते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका दुःखद प्रसंगात सापडते.

अर्भकांच्या फुप्फुसांना ग्रासणारा ‘आर. एस. व्ही.’ नावाचा विषाणू आहे. १९६६ साली अमेरिकेत फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली त्याची लस बालकांना देण्यात आली. पुढे साथ आली, तेव्हा लस घेऊनही संसर्ग झालेल्या बालकांपैकी ८० टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले; ही लस न घेतलेल्या संसर्गित बालकांत हे प्रमाण अवघे ५ टक्के होते. दोन बालके दगावली. जिने रक्षण करावयाचे, तिनेच आजार बळावला! अशाच लसीनंतर ‘कॉटन रॅट’ या अमेरिकी उंदरात फुप्फुसांची तशीच हानी होते, हे १९८६ मध्ये दाखविण्यात आले. ही परीक्षा अगोदर झाली असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. या विषाणूवरील पहिल्या लसीला मान्यता मिळावयास २०२३ साल उजाडले.

मात्र कोणताही प्राणी चालत नाही. मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेटला माणसाचा इन्फ्लुएन्झा होतो, हे लंडनच्या शास्त्रज्ञांना १९३३ मध्ये आढळले. तो माणसासारखा शिंकतोही. उलट, कोरोनाच्या मूळ विषाणूला साध्या उंदराच्या पेशीत शिरकावच मिळेना.

म्हणून २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिनची परीक्षा हॅमस्टरवर व ऱ्हीसस माकडांवर झाली. माकडे पकडण्यास राज्य शासनाने अनुमती दिली होती. २० माकडांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना लसीचे निरनिराळे प्रकार व एका गटाला नुसते द्रावण देण्यात आले. दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवसांनी त्यांना विषाणूचा संसर्ग करविण्यात आला. लस घेतलेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या नाहीत. लस न दिलेल्यांत त्या आढळल्या.

असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या चौकटीतच करावे लागतात, आणि ते योग्यच होय. शिवाय हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास २० माकडांत दिसणे कठीण. त्याकरिता कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवर घ्यावी लागली.