पुस्तकाला पाय लागला

धाकटी पुस्तकावर बसली आहे. तिला त्याचं काही नाही. तिचं लक्ष हातातल्या दुसऱ्या पुस्तकाच्या कोपऱ्यावर आहे आणि तो कोपरा ती मघापासून मन लावून चोखते आहे. पुठ्ठा जाड, कोपरे गोल कापलेले. हिरड्यांना बरं वाटत असावं. पण आजीचा जीव खालच्या पुस्तकात अडकलाय. “अगं बाई, पाय लागला की पुस्तकाला!” ती धाकटीला काखेत धरून उचलते, तिचे दोन्ही तळवे एकमेकांवर धरते, पुस्तकाला नमस्कार करायला लावते आणि पुस्तक उचलून फळीवर ठेवून देते. हाताला लागणार नाही इतकं उंच. धाकटीला नववा महिना चालू आहे. नमस्कार तिला येतो. पुस्तक वर का गेलं ते कळत नाही. ती फळीकडे बघत राहते, मग आजीकडे.

गुरुवारची दुपार आहे. अक्कलकोटात गुरुवार म्हणजे स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणारे रस्ते सकाळपासून भरलेले. पुण्या-मुंबईच्या आणि कर्नाटकातल्या नंबरपाट्यांच्या गाड्या जागा मिळेल तिथे उभ्या. दोन गल्ल्या आत, माळवदाच्या या घरात मात्र ओसरीवर गारवा आहे; मातीच्या भिंती हातभर जाड आहेत. अंगणवाडीच्या बाई गृहभेटीला आल्यात आणि त्यांच्या मागोमाग मी. बाईंनी धाकटीचं वजन घेतलंय, मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरलंय, वरणाच्या पाण्याऐवजी घट्ट वरणभात भरवा असं आईला बजावलंय. आता पिशवीतून चार पुस्तकं काढून त्यांनी सतरंजीवर टाकलीत आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्यात. पुस्तकं त्यांनी पदरचे पैसे घालून घेतलेली आहेत. तीन सतरंजीवर उरली, एक फळीवर गेलं.

“फाडतील हो बाई,” आजी म्हणते. “एवढ्या लहान लेकरास्नी पुस्तकातलं काय कळतंय? शाळेत गेल्यावर बघंल की.”

बाई हसतात, बोलत नाहीत. हे त्यांनी घरोघरी ऐकलेलं आहे. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. बालशिक्षणासाठी तिथे बसायची ती तीन ते सहा वर्षांची मुलं. तीनच्या आतल्यांच्या वाट्याला वजनकाटा, लस आणि घरपोच आहाराची पाकिटं. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘नवचेतना’ नावाची आखणी काढली. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाशी घरात काय खेळावं, काय बोलावं याचं महिनावार वेळापत्रकच त्यात आहे. कागद आला, पण फळी होती तिथेच आहे.

धाकटी कुरकुरते. आजी तिला कडेवर घेऊन भिंतीपाशी जाते. भिंतीवर स्वामी समर्थांची मोठी तसबीर आहे, ताज्या हारासकट. “स्वामी कुठंयत? कुठंयत आपले स्वामी?” धाकटीची कुरकुर थांबते. मान वर जाते, बोट पुढे येतं. “हां, ते बघ! डोळे बघ कसे हायत. हार बघ, पिवळा पिवळा. फूल कुठाय? जय कर.” धाकटी जय करते, मग हाराचं फूल ओढते. आजी फूल सोडवून तिच्या मुठीत देते आणि पुन्हा तसबिरीकडे बोट करते. हा कार्यक्रम रोज सकाळ-संध्याकाळ चालतो, असं आई सांगते. “त्याशिवाय जेवत नाही ती.”

मी बाईंकडे बघते, बाई माझ्याकडे. एक चित्र, एक कडेवरचं मूल, एक दाखवणारं बोट, नाव, प्रश्न आणि उत्तराला दिलेली दाद. पुस्तकवाचन म्हणून बाईंना प्रशिक्षणात शिकवलं गेलं ते हेच, आणि एवढ्या लहान लेकराला काय कळतंय म्हणणारी आजी ते सराईतपणे करते आहे. स्वामींनी १८७८ मध्ये या गावात समाधी घेतली. तेव्हापासून इथली किती मुलं पहिलं चित्र वाचायला शिकली ती याच चेहऱ्यावर. फरक इतकाच की तसबीर कधी उलटत नाही. तिला पुढचं पान नाही.

पुढच्या पानाची सोय गावात नाही असं नाही. मंदिराच्या रस्त्यावरच्या दुकानांत सारामृताच्या पोथ्या आहेत, माळा आहेत, चावीची माकडं आहेत, आणि लहान मुलासाठी चित्रांचं पुस्तक मागितलं की अंकलिपी पुढे येते. या घरातही एक आहे, थोरल्याची, पानं सुटलेली. थोरला अडीच वर्षांचा. अननसापासून सुरू होणाऱ्या या चित्रमालेत मला दर वेळी गंमत वाटते. सोलापूर जिल्ह्यात ऊस आहे, ज्वारी आहे, बोरं, डाळिंबं आहेत. पण मुलाची अक्षरओळख व्हायची ती अननसानं आणि ईडलिंबानं. ईडलिंबू तर या ओसरीवरच्या कुणीच पाहिलेलं नाही. उखळ मात्र आहे, परसात, चटणीच्या शेंगदाण्यांचं. थोरला अंकलिपीतल्या उखळावर बोट आपटतो आणि परसाकडे धावतो. त्याला ‘उ’शी काही देणंघेणं नाही. चित्रातली वस्तू घरात सापडली, त्याची दिवाळी झाली.

आजी तसबिरीपासून परत येऊन बसते, धाकटी मांडीवर. बाई काही न बोलता जाड पुठ्ठ्याचं पुस्तक त्या मांडीपुढे सरकवतात. जेवणाचं पान उघडतं: ताटात भाकरी, शेजारी कांदा. धाकटी वाकते आणि भाकरी उचलायला जाते. चिमूट करते, नखांनी खरवडते, तळवा आपटते. भाकरी येत नाही. पुन्हा.

“खोटी हाय ती!” थोरला ओरडतो. त्याला हे माहीत असल्याचा मोठा अभिमान आहे.

नेमकं हेच ज्युडी डेलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नोंदवून ठेवलं. नऊ महिन्यांची मुलं चित्रातली वस्तू पकडू पाहतात. अमेरिकेतलीही आणि आफ्रिकेच्या आयव्हरी कोस्टमधल्या खेड्यांतलीही. दीड वर्षाच्या पुढे ती पकडायचं सोडून बोट दाखवू लागतात. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूबद्दलचं बोलणं आहे, हे मुलाला असं खरवडून-खरवडून समजतं. अडीच वर्षांच्या थोरल्याला समजलंय. धाकटीचं चाललंय. पुस्तक फळीवर असेल तर ती हे कशावर करणार?

पुढच्या पानावर बाजेवर बसलेले एक आजोबा आहेत. धाकटी क्षणभर बघते आणि दोन्ही हात जोडते. आजीला इतकं हसू येतं की पदर तोंडाला लावावा लागतो. “अगं, ते स्वामी न्हवं गं! नोड, नोड, अज्जा हाय तो. आपला अज्जा.” अज्जा म्हणजे आजोबा, या घरात आजी नातवंडांशी अर्धं कन्नडातच बोलते. पान उलटतं, मांजर येतं, आजी म्हणते “बेक्कु”, धाकटी म्हणते “बे”. आई आतून येता येता अडवते, “मराठी बोला की अत्ती, शाळेत जायचंय तिला.” अत्ती म्हणजे सासूबाई तोंड वाकडं करतात आणि मांजराकडे बोट दाखवून पुन्हा “बेक्कु” म्हणतात. बाई आता पहिल्यांदा मध्ये पडतात. “ऱ्हाऊ द्या हो. दोन्ही म्हणा. लेकराला दोन्ही झेपतात.” तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत, अर्ध्या घरांत हेच चित्र आहे. बाईंच्या म्हणण्यात मला तथ्य वाटतं. या पानावर छापील शब्द एकच आहे, बाकी सगळी जागा बोलणाऱ्याची.

आता शेजारची चुलत बहीण आली आहे, तिसरीतली, दप्तर न उतरवता. तिला वाचता येतं, म्हणून थोरल्याच्या हातातलं दुसरं पुस्तक तिच्याकडे जायला हवं असं तिचं मत आहे. ती खणखणीत आवाजात सुरू करते, “आज – गावात – बाजार –” आणि तेवढ्यात थोरला पान उलटतो. ती पान मागे आणते. “आज गावात बाजार –” तो पुन्हा उलटतो. “आई, बघ की हा! वाक्य पुरं करू देत न्हाई!” मारामारीची वेळ येते. माझी सहानुभूती दोघांकडेही आहे, पण कौल थोरल्याकडे. वाक्य तिच्यासाठी आहे. त्याला बाजारातली बकरी आधीच्या पानावर दिसली होती आणि ती पुढे कुठे गेली ते बघायचंय. तो वाक्याच्या आधीच कथेत शिरलाय.

आईची रीत वेगळी. ती बारावी झालेली आहे आणि तिला मुलाला मागे पडू द्यायचं नाही. “हे काय? बकरी. हे काय? गाडी. कोणता रंग? सांग. किती केळी? मोज.” थोरला तीन उत्तरं देतो, चौथ्याला उठून उंबऱ्यावर जाऊन बसतो. आई ओशाळते. बाई जरा पुढे सरकतात. “परीक्षा नको घेऊ गं. तो कुत्रा बघ, कुठं निघालाय म्हणून विचार त्याला.” आई विचारते. उंबऱ्यावरून उत्तर येतं, “मटन.”

“मटण? कुठाय मटण?”

थोरला परत येतो, पान शोधतो, दोन पानं पुढे एका दुकानावर बोट ठेवतो. ते दुकान बांगड्यांचं आहे. आई दुरुस्त करायला तोंड उघडते आणि, हे मी बघते, मिटते. “मग कुत्र्याला दिलं का त्यांनी मटण?” “न्हाई. हाड दिलं.” आता तो बोलतोय, सलग, आईला दोनच शब्द पुरतात, “मग? पुढं?” मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना एवढंच शिकवलं होतं: हो-नाही किंवा नुसतं नाव असं उत्तर येईल ते प्रश्न कमी करा, मुलाच्या उत्तरावर पुढचं बोला, सांगणारा त्याला होऊ द्या. महिन्याभरात त्या मुलांच्या बोलण्यात मोजता येण्याजोगा फरक पडला. मराठीत याला चित्रगप्पा म्हणतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना घेऊन बसायच्या, तेव्हा हाताशी होतं त्यावरच बोलायच्या: पानं, दगड, बिया, चित्रं. अंगणवाडी ही कल्पना त्यांच्या अंगणातली.

आज हाताशी तेव्हापेक्षा पुष्कळ आहे. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘चित्रवाचन’ मराठीत आहेत; प्रथम बुक्स २००४ पासून स्वस्तातली पुस्तकं काढतं आणि २०१५ पासून त्यांच्या स्टोरीवीव्हरवर कितीतरी मराठी गोष्टी मोबाईलवर फुकट मिळतात. पण मोबाईलवरची बकरी धाकटीला चावता येत नाही. आणि इथे चावणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, तो गाळून चालत नाही. मी हे बोलून दाखवते. आजी माझ्याकडे जरा संशयानं बघते, मग फळीकडे. उठते, वरचं पुस्तक काढते, पदरानं पुसते, कपाळाला लावते आणि धाकटीपुढे ठेवते. “फाटलं तर बाई, मी न्हाई भरून देणार.”

“फाटू द्या,” बाई म्हणतात.

दारात चपला वाजतात. आजोबा मंदिराकडच्या हारांच्या दुकानातून जेवायला आलेत, हाताला झेंडूचा वास. बसायच्या आत थोरला पुस्तक त्यांच्या मांडीवर आपटतो, उलटं. आजोबा चष्मा शोधतात. “अरे, ह्यात लिवलंय काय, दिसंना मला.”

“बोल की!” थोरला पान सुलटं करून देतो. पानभर एसटी आहे, टपावर बोचकी.

“ही? ही आपली सोलापूर गाडी,” आजोबा नाइलाजानं सुरू करतात. “निघाली बघ स्टँडवरनं.”

“सोलापूरला टपावर कोण बोचकी न्हेतंय?” स्वयंपाकघरातून भाकरी थापत आजी. “कलबुर्गीची हाय ती.”

“कलबुर्गीची गाडी लाल असती व्हय?”

“मामाची!” थोरला म्हणतो. मामा आळंदला असतो, पलीकडे कर्नाटकात. चुलत बहीण पाटी वाचायला वाकते. पाटी कोरी आहे. आजोबा ताटाकडे बघतात, पुस्तकाकडे बघतात, आणि ड्रायव्हरला हाक मारून गाडी आळंदकडे वळवतात.