बातमी अडते कुठे?

दुर्लक्षित बातमी म्हणजे दडपलेली बातमी, असा सर्वसाधारण समज आहे. काही बातम्या दडपल्या जातातही. पण बहुतेक बातम्यांना कोणी अडवत नाही, त्या आणायलाच कोणी जात नाही. अमेरिकेतील सोनोमा स्टेट विद्यापीठात कार्ल जेन्सन या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये ‘प्रोजेक्ट सेन्सॉर्ड’ हा उपक्रम सुरू केला. मोठ्या माध्यमांनी बाजूला टाकलेल्या महत्त्वाच्या बातम्यांची यादी तो दरवर्षी काढतो. महाराष्ट्रापुरती अशी यादी करायला गडचिरोलीपर्यंत जाण्याची गरज नाही, पुण्याच्या वेशीवरचा मुळशी तालुकाही पुरेसा आहे.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट, कासार आंबोली ही गावे येतात. या पट्ट्यात भातखाचरांच्या शेजारी कारखाने, गोदामे आणि गृहप्रकल्प उभे राहिले. पिरंगुटजवळच्या उरवडे गावातील एका रासायनिक कारखान्याला ७ जून २०२१ रोजी दुपारी आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतल्या १५ महिला होत्या. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरीन डायऑक्साइड तिथे तयार होत असे. आगीची बातमी देशभर गेली, मदत जाहीर झाली, चौकशी समिती नेमली गेली. मात्र अशा कारखान्यांत ज्वालाग्राही साठा किती असतो, बाहेर पडायला दारे किती असतात, तपासणी कोण आणि कधी करतो, हे प्रश्न ६ जूनलाही तितकेच महत्त्वाचे होते. त्या दिवशी ते कोणत्याही पानावर बसले नसते. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवरील फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, तेव्हाही बळी प्रामुख्याने महिला कामगारांचेच गेले.

योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये याचे एक कारण मांडले होते. वृत्तपत्र रोज निघते, त्यामुळे एका दिवसात घडून संपणारी घटना त्याच्या साच्यात नीट बसते. आग बसते; आगीकडे नेणारी पाच-दहा वर्षे बसत नाहीत.

याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी नेमके असे घडले. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळे शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. पुण्या-मुंबईच्या पत्रांतून त्या वेळी त्यावर भरपूर लिहिले गेले, वादही झाले. सत्याग्रह होता, अटका होत्या, पुढारी होते. बातमीला लागणारे सगळे होते. १९२४ च्या अखेरीस बापटांना रेल्वेगाडी अडवल्याबद्दल दीर्घ कारावास झाला, लढा संपला आणि बातमीही संपली. धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळले. पाण्याखाली गेलेल्या गावांतील माणसे पुढे कुठे वसली, मोबदल्यातले सावकाराच्या हाती किती गेले आणि कुळाच्या किती, ही खरे तर मोठी बातमी होती. ती शोधण्याचे काम पुढे राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकांवर आले.

आजची अडचण कामाच्या रचनेतही आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. तुटपुंज्या मानधनावर तो बातम्या देतो आणि वाढदिवसाच्या, दिवाळी पुरवणीच्या जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. ज्याच्याकडून जाहिरात मागायची त्याच्याच कारखान्याची किंवा जमीनव्यवहाराची बातमी त्याने द्यावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्यातून बातमी दिलीच, तर ती ग्रामीण आवृत्तीत लागते. मुळशीची बातमी मुळशीकरच वाचतो. त्याला ती आधीच ठाऊक असते. निर्णय घेणारे ज्या शहरात बसतात तिथल्या अंकात ती नसते. शहराच्या कचेरीत महापालिका, गुन्हे, न्यायालय, शिक्षण यांना स्वतंत्र बातमीदार असतात. असंघटित कामगारांसाठी तसा कोणी क्वचितच असतो.

पत्रकार पी. साईनाथ यांनी २००६ चे एक उदाहरण वारंवार दिले आहे. मुंबईतील फॅशन सप्ताहासाठी ५१२ पत्रकारांची नोंद झाली होती. तिथे सुती कपड्यांचे प्रदर्शन चालू होते आणि तो कापूस पिकवणाऱ्या विदर्भात शेतकरी आत्महत्या करत होते. विदर्भात बाहेरून गेलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

पैशाचा हिशेब याहून थेट आहे. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापली गेली. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २०१० मध्ये त्यावर नावानिशी अहवाल लिहिला. कौन्सिलने तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो बाहेर आला. विकत घेतलेल्या बातम्यांविषयीचा अहवालच असा अडकून पडावा, यावर वेगळे भाष्य नको.

अडलेली बातमी सुटते कशी, हे बीडच्या ऊसतोड महिलांच्या बाबतीत दिसले. तोडणीत नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम दंड लावतो. पाळी आणि पोटदुखीचा खाडा टाळण्यासाठी गर्भाशय काढून घेणे गावागावांत सर्वांना माहीत होते. बायका, आशा कार्यकर्त्या, स्थानिक संघटना बोलत होत्या. आकडा मात्र कोणाकडे नव्हता. २०१९ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने हे छापले, विधिमंडळात प्रश्न विचारला गेला आणि तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढल्याची माहिती सरकारने दिली. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती.